बिनवासाची प्लेट

बार्शीत आताशा कुणी आजारी पडलं, की 'काय झालंय?' असं कुणी विचारत नाही. विचारतात, 'कुणाकडून आलं?'

ही सवय लावली वंशवेलीनं. वंशवेल म्हणजे कुठली वनस्पती नव्हे. तालुका सहकारी निदान केंद्राच्या मागच्या खोलीत, शिवणयंत्राएवढं एक यंत्र बसवलंय, त्याचं हे सरकारी नाव. त्याचं काम समजायला सोपं आहे. एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि दर वेळी जंतू आपली पोथी उतरवून पोराबाळांना देतो. पोथी लाखो अक्षरांची, पण अक्षरं चारच. आता एवढी नक्कल करायची म्हणजे हात कुठंतरी घसरणारच. एखादं अक्षर बदलतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत जशीच्या तशी उतरत जाते. वंशवेल रोग्याच्या जंतूची पोथी एका दुपारीत वाचून काढते आणि राज्यभरातल्या केंद्रांनी वाचलेल्या पोथ्यांशी लावून बघते. दोन पोथ्यांत एकदोन अक्षरांचा फरक असला, तर हा जंतू त्या घरातून या घरात आलाय म्हणून समजावं. पन्नास अक्षरांचा असला, तर भाऊबंदकी जुनी.

त्यामुळे रिपोर्टाच्या तळाशी आता एक ओळ येते. 'निकटचा उगम.' नाव नसतं, एक आकडा असतो आणि गल्ली असते. पण तालुक्याच्या गावात आकडा लपवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. या एका ओळीपायी दोन सख्ख्या भावांनी अंगणात भिंत घातली, कारण धाकट्याचा क्षय थोरल्याकडून आला होता. एका लग्नातल्या मठ्ठ्यानं निम्मं वऱ्हाड झोपवलं, तेव्हा मठ्ठा घुसळणाऱ्या मामांचं बारसं पुन्हा झालं. ते आता मरेपर्यंत टायफॉईडमामा. लोक हात जास्त धुवायला लागले हे खरं, पण बोटंही जास्त दाखवायला लागले.

ती ओळ रिपोर्टावर असलीच पाहिजे म्हणून जिल्ह्याच्या समितीत टेबलावर हात आपटून भांडल्या होत्या त्या डॉ. वृषाली खरमाटे. निदान केंद्राच्या प्रमुख. "कळू दे की लोकांना," त्या म्हणाल्या होत्या. "कळलं तरच सुधारतील."

लोक म्हणजे इतर लोक. हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

*

वृषालीबाईंना नाकाचा फार अभिमान. दिसायला नाक साधंच, पण गुणी. त्या शिकल्या त्या काळी जंतू ओळखायला यंत्रं कमी आणि मास्तर जास्त. जंतूंना खाऊपिऊ घालून ज्या गोल बशीत वाढवतात तिला प्लेट म्हणतात. मास्तर झाकण किंचित उचलून प्लेट नाकाखालून फिरवायचे आणि जंतूचं नाव सांगायचे. कुठल्याला पिकल्या द्राक्षांचा वास, कुठल्याला करपलेल्या चॉकलेटचा, कुठल्याला उंदराच्या बिळाचा. वृषालीबाईंनी ती विद्या उचलली. पुढे नियम आला की प्लेट हुंगायची नाही, वासाबरोबर जंतूही आत जातो. 'प्लेट हुंगू नये' अशी पाटी बाईंनी स्वतः लिहून भिंतीवर लावली. ती बाकीच्यांसाठी होती.

त्या दिवशी परीक्षेची कुपी आली होती. वर्षातून काही वेळा वरच्या प्रयोगशाळेतून अशी एक कुपी येते. आत जंतू कुठला ते सांगत नाहीत, तुम्ही ओळखायचा. कुठला तरी लांबच्या जिल्ह्यातला, कधीतरी कुणाला आजारी पाडलेला, गोठवून ठेवलेला जंतू. फरहाना बागवाननं प्लेटवर तो वाढवला होता. फरहाना केंद्राची दुसरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पस्तिशीची, जिभेला धार आणि हाताला शिस्त.

"मॅडम, यंत्राला लावते. दुपारपर्यंत नाव सांगेल."

"दुपारपर्यंत कशाला थांबायचं? मी आत्ता सांगते. पैज."

"कशाची?"

"हरेल त्यानं सगळ्यांना मिसळ."

"मॅडम, पाटी तुमच्याच अक्षरात आहे हं," फरहाना म्हणाली. पण म्हणताना ती हसत होती, आणि वृषालीबाईंनी प्लेट काचेच्या सुरक्षापेटीबाहेर काढलीही होती.

झाकण उचललं. हुंगलं. काहीच नाही. राखाडी, चकचकीत, दवाच्या थेंबांसारखे ठिपके, आणि वास म्हणाल तर कोऱ्या पाटीचा. बाईंचं नाक आजवर असं कधी रिकाम्या हाती परत आलं नव्हतं. त्यांनी प्लेट आणखी जवळ घेतली. अगदी वरच्या ओठाला लागेल इतकी. डोळे मिटले आणि कढीला फोडणी बसली का ते बघावं तसा छाती भरून श्वास घेतला.

"काय म्हणतं नाक?"

"सर्दी झाली असेल मला," वृषालीबाई म्हणाल्या.

दुपारी यंत्रानं सांगितलं, मेनिंगोकॉकस. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा. फरहानाचं हसू गेलं. "मॅडम, गोळी घ्या. नियम आहे."

"घेते गं. घरी गेल्यावर."

हा जंतू तसा सभ्य. दहातल्या एखाद्याच्या घशात तो भाडेकरूसारखा महिनोन्‌महिने राहतो, त्या माणसाला शिंकही येत नाही. तो उलटतो तो एखाद्यावरच, आणि तान्ह्या बाळांवर जास्त. वृषालीबाईंना हे पाठ होतं. मिसळ त्यांनी मुकाट्यानं मागवली. घरी गेल्या तर दारातच बाळाच्या रडण्याचा आवाज, गोळी पर्समध्ये राहिली, आणि हात स्वच्छ साबणानं धुऊन त्यांनी नातीला उचललं.

*

लेक केतकी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलटकरीण, साताऱ्याचं सासर, विहीणबाई नलिनीताई कडक शिस्तीच्या. 'आमची सून डॉक्टरांच्या घरी आहे, आम्हाला काय काळजी' असं त्या फोनवर म्हणायच्या, आणि त्यात काळजी स्पष्ट ऐकू यायची. म्हणून वृषालीबाईंनी घराची प्रयोगशाळाच केली. दाराशी साबण, खुर्चीवर स्वच्छ पंचे, पाहुण्यांना लांबूनच दर्शन. केतकीला सुद्धा दर पाजण्याआधी हात धुवायचा हुकूम.

एका बाबतीत मात्र हुकूम चालला नाही. बाळाला न्हाऊ घालायला कौसाबाईच हव्यात, असं केतकीनं सांगून टाकलं. तिलाही त्यांनीच न्हाऊ घातलं होतं.

कौसाबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या पोरांची पहिली ओळख. पाटावर बसून पाय पसरायच्या, नडगीवर बाळ पालथं टाकायच्या आणि तेल जिरवताना जगाच्या चहाड्या सांगायच्या. चहात साखर कमी पडली तर तसं तोंडावर म्हणायच्या. उशिरा यायच्या आणि उशिराचं खापर रिक्षावर फोडायच्या. पाणी घालून झालं, की बाळाच्या कानावर नि नाकावर एकेक फुंकर मारायच्या, मग वेखंड, मग ओव्याची धुरी.

"कौसाबाई, फुंकर नको," वृषालीबाई दाराशी उभ्या राहून रोज सांगायच्या.

"फुक न्हाई मारली तर पानी कानात ऱ्हातंय, डाक्टरीण बाई."

"पाण्यापेक्षा तुमच्या तोंडातलं वाईट."

"माज्या तोंडातलं वाईट? आन तुमी सकाळपास्नं पोरीचं इतकं पापं घेता, ते काय औषीद लावून घेता व्हय?"

केतकी खो खो हसली. वृषालीबाईही हसल्या. कारण ते खरंच होतं. घरातल्या सगळ्यांना नियम होते, आजीला नव्हते. नातीचं नाव रेवा. रेवाचे गाल, रेवाच्या मुठी, रेवाचं बोळकं. आजी नाकाला नाक घासायची आणि रेवा ओठांचा चंबू करून आजीचं नाकच चोखायला बघायची.

त्या आठवड्यात कौसाबाईंचा घसा बसला. आवाज फाटलेला, मधेच खोकला. तोंडाला पदर बांधून त्या आल्या, बाळाला न्हाऊ घालून गेल्या. दोन दिवसांनी रेवा दूध ओढेना. रडणं बदललं, पातळ आणि उंच झालं, काचेवर खिळा ओढावा तसं. वृषालीबाईंनी टाळूवर तळहात ठेवला. जी टाळू खळग्यासारखी मऊ लागायची ती फुगून वर आली होती. पोटावर जांभळे ठिपके होते.

त्यांनी रडारड केली नाही. बाळाला उचललं आणि बालरुग्णालय गाठलं. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, त्याचा थेंब त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कॉफीच्या बियांसारखे, जोडीजोडीनं, गुलाबी. त्यांनी नळीवरून डोळा काढला तेव्हा हा मेनिंगोकॉकस नुकताच कुठं भेटला होता हे त्यांना आठवायला हवं होतं. नाही आठवलं. आठवायचं नसलं की नाही आठवत.

*

साताऱ्याहून नलिनीताई संध्याकाळच्या आत येऊन थडकल्या. दवाखान्याच्या बोळात शेजारच्या शालन जगदाळेही बसल्या होत्या, त्यांची स्वतःची सून नुकतीच बाळंत होऊन घरी आलेली.

"असं कसं झालं हो?" नलिनीताईंनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची गरज पडत नसे. "डॉक्टरांच्या घरात? तुमच्या हाताखाली?"

तीस वर्षं वृषालीबाईंनी गावच्या डॉक्टरांना एकच वाक्य ऐकवलं होतं. रिपोर्ट येईपर्यंत तोंड उघडू नका. आणि त्या बोळात, विहिणीच्या नजरेखाली, त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"ती न्हाऊ घालणारी बाई. घसा बसला होता तिचा. तरी बाळाच्या नाकात फुंकर मारायची. किती सांगितलं, ऐकलं नाही."

"अगं बाई!" शालन जगदाळे म्हणाल्या. "आमच्याकडेपण तीच येते की!"

एवढंच. बोलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झालं. आत काचेपलीकडे केतकी बाळाच्या खाटेशी बसली होती. दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या घशातून नमुने घेतले आणि मगच प्रतिबंधाची गोळी दिली, तसा नियमच आहे. कौसाबाईंना केंद्रावर बोलावणं गेलं. त्या जाताना गल्लीनं पाहिलं, आणि ज्याला जे समजायचं ते समजलं. फरहानानं शेवटी वृषालीबाईंसमोर कापसाची काडी धरली.

"मॅडम, आ करा."

"माझा कशाला?"

"नियम म्हणून."

"कर बाई. तुझी हौस फिटू दे."

रेवा वाचली. इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं. पण घरी सोडायच्या आधी कानाची तपासणी केली, तेव्हा डावा कान दाद देईना. 'पुन्हा करून बघू, लहान आहे' असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं कधी म्हणतात हे वृषालीबाईंना माहीत होतं.

*

सगळ्यांचे नमुने प्लेटवर वाढवून वंशवेलीनं वेल काढली ती सोमवारी. पडद्यावर फांद्या पसरल्या. फरहानानं खुर्ची बाजूला घेतली.

"मॅडम, तुम्हीच बघा."

कौसाबाईंच्या घशात साधी सर्दी होती, मेनिंगोकॉकसचा मागमूस नव्हता. केतकी स्वच्छ. रेवाच्या जंतूशेजारी एकच पान लागलं होतं, आजीच्या घशातलं. फरक, शून्य अक्षरं. आणि दोन्ही पानं जिथून फुटली होती तो देठ बार्शीचा नव्हताच. या तालुक्यात, जिल्ह्यात, आजूबाजूला कुठंही तसा जंतू कधी सापडला नव्हता. तो परीक्षेच्या कुपीतला होता.

वृषालीबाईंना पहिल्यांदा काय वाटलं हे सांगायला नको, पण सांगायला हवं. त्यांना वाटलं, हे अजून कुणी पाहिलं?

"कुपी तूही हाताळलीस," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचे कान तापले.

"हाताळली. काचेच्या पेटीत, मास्क लावून," फरहाना शांतपणे म्हणाली. "माझाही घसा तपासलाय. काही नाही." मग नजर न उचलता, "उगम अनिश्चित असं लिहिता येतं, मॅडम. दर दहात तीनचार तसेच असतात. कुणी विचारत नाही."

ती हे दयेनं म्हणाली होती. दया दिसली की माणूस ती उचलतो. वृषालीबाईंनी 'अनिश्चित' लिहिलं, सही केली, आणि घरी जाऊन केतकीसाठी डिंकाचे लाडू वळले. एक लाडू धड वळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसाबाई दारात. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच चपला घालून उभ्या.

"डाक्टरीण बाई, माज्या घशात काय घावलं?"

"काही नाही, कौसाबाई. साधी सर्दी. तुम्ही स्वच्छ आहात."

"मंग हे गल्लीत कोन सांगनार? जगदाळ्यांनी बंद केलं. मोहित्यांनी बंद केलं. मोहित्यांच्या सुनंनं तर दाराची कडी लावून आतनं सांगितलं, येऊ नगा. जनू म्या राक्षीन हाय. कुनी सांगितलं म्हनून इचारलं, तर म्हनत्यात डाक्टरीण बाईनंच सांगितलं."

"लोक काहीही बोलतात."

"मंग कुनाच्या घशात घावलं त्ये?"

हाच तो क्षण होता. दार उघडं, ऊन स्वच्छ, बोलणं एका वाक्याचं.

"अजून ठरलं नाही," वृषालीबाई म्हणाल्या. "कधीकधी कळतच नाही."

कौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "यंत्राला बी न्हाई कळत? मंग येवढं मोठं यंत्र आनलंय कशाला, पापड वाळवायला?" आणि त्या गेल्या. रेवाची चौकशी करायची राहिली म्हणून कोपऱ्यावरून परत आल्या, "पोरगी दूध पिती न्हवं?" एवढं विचारलं, आणि पुन्हा गेल्या.

*

बुधवारी सकाळी केतकी कपड्यांच्या घड्या घालत होती. रेवाची झबली, दुपटी, टोपरी, एका पिशवीत.

"कुठं निघालीस?"

"साताऱ्याला. मंदार घ्यायला येतोय." मंदार तिचा नवरा.

"सव्वा महिना तरी होऊ दे."

"आई, तुला कधी कळलं?"

वृषालीबाई खाटेच्या कडेला बसल्या. "काय?"

"काल कौसाबाईंना तू दारातून परत पाठवलंस, तेव्हा मी इथं रेवाला पाजत होते. 'कळत नाही' म्हणालीस ना, तो आवाज मला ओळखू येतो. बाबा गेले तेव्हा 'त्रास नाही झाला त्यांना' म्हणाली होतीस, तोच."

मग वृषालीबाईंनी सांगितलं. प्लेट, पैज, पर्समध्ये राहिलेली गोळी, शून्य अक्षरं. सांगताना त्या लेकीकडे बघत नव्हत्या, टोपऱ्याच्या नाडीकडे बघत होत्या.

केतकी रडली. बराच वेळ. मग नाक पुसून म्हणाली, "जंतूचं मी काही म्हणणार नाही. माझ्यातूनही गेला असता. तू तिच्यावर जीव टाकतेस हे काय मला माहीत नाही?"

"केतू..."

"थांब. दवाखान्यात तू सासूबाईंपुढं त्या बाईचं नाव घेतलंस, तेही मी ऐकलं होतं. तेव्हा तुला माहीत नव्हतं, घाबरली होतीस, सोडून दिलं. पण सोमवारी कळलं. सोमवारी कळल्यावर तू लाडू वळलेस, आई. ते लाडू मी खाल्ले."

आत रेवा कुरकुरली. वृषालीबाई सवयीनं उठल्या. केतकीनं हात आडवा केला नाही. फक्त त्यांच्या आधी उठली, आणि बाळाला उजव्या बाजूनं हाक मारली. चांगल्या कानाच्या बाजूनं.

*

दुपारी वृषालीबाईंनी केंद्रावर जाऊन 'अनिश्चित' खोडलं आणि उगमाच्या जागी स्वतःला घातलं, कारणासकट. चौकशी लागणार हे ठरलं, तोवर सह्या फरहानाच्या. फरहाना म्हणाली, "मॅडम, मी हसायला नको होतं." वृषालीबाई म्हणाल्या, "तू हसली नसतीस तरी मी हुंगलं असतं."

मग त्या कौसाबाईंच्या घरी गेल्या. कौसाबाई तांदूळ निवडत होत्या. वृषालीबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कौसाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजी तुमच्या नाकातनं."

"हो."

"आन तुमाला ठावं हुतं. मी दारात आले तवा."

"हो."

कौसाबाईंनी एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही, पण ती योग्य होती. मग पदर खोचून उठल्या. "मला सांगून काय उपेग? मला तर ठावं हुतं मी न्हाई म्हनून. चला. ज्येंनी दारं लावली त्येंना सांगा. माज्या म्होरं."

पहिलं घर कोपऱ्यावरच्या शेट्यांचं. वृषालीबाई शिकवल्यासारखं बोलल्या. कौसाबाई निर्दोष आहेत, तपासणीत सिद्ध झालंय, जंतूचा उगम प्रयोगशाळेतला, त्याची जबाबदारी माझी.

शेटीणबाईंचे डोळे पाणावले. "डॉक्टरबाई, केवढं मोठं मन तुमचं! एका गरीब बाईसाठी स्वतःवर घेताय." आणि कौसाबाईंकडे वळून, "बघ, किती करतात तुझ्यासाठी. आता तरी फुंकर मारायची सोड."

बाहेर आल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "झालं! तुमी देव झाला आन मी हाय तिथंच."

दुसऱ्या घरीही तेच. चहा आला. वृषालीबाईंना कपबशीत, कौसाबाईंना बाहेरच्या स्टीलच्या पेल्यात. 'डॉक्टरबाई म्हणजे देवमाणूस,' असं त्या घरचे आजोबा म्हणाले. वृषालीबाईंनी कपबशी खाली ठेवली. इतकी वर्षं त्यांनी लोकांना पुरावा दाखवला होता आणि लोकांनी मानला होता. आज त्या स्वतःविरुद्ध पुरावा घेऊन दारोदार फिरत होत्या, आणि लोक त्याच पुराव्याला हार घालत होते. डॉक्टरीणबाईच्या नाकात जंतू असू शकतो हे कुणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. न्हाऊ घालणारीच्या घशात तो असणार हे मात्र न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं, त्या बोळात.

तिसरं घर जगदाळ्यांचं. शालन जगदाळे स्वतः दारात आल्या, मागून बाळाला घेऊन सून. "या, या डॉक्टरबाई. शेटीण बोलली मला फोनवर. बाई, कलियुगात असं कोण करतं? ए, दे गं बाळ त्यांच्या हातात. आशीर्वाद मिळू दे."

सुनेनं बाळ पुढं केलं. पांढऱ्या दुपट्यात एवढंसं तोंड. वृषालीबाईंच्या नाकात आता काही नव्हतं, गोळीनं घसा केव्हाच साफ झाला होता. तरी त्यांनी हात मागं घेतले.

"नको. आधी ऐका," त्या म्हणाल्या, आणि आवाज शिकवल्यासारखा राहिला नाही. "शालनताई, मी मोठेपणा करत नाहीये. प्लेट हुंगायची नाही अशी पाटी मीच लावलीय, आणि मीच हुंगली. मिसळीच्या पैजेसाठी. गोळी घ्यायची होती, ती पर्समध्ये तशीच राहिली. मग नातीच्या तोंडाला तोंड लावलं. तिचा कान गेलाय बहुतेक."

"अहो, चूक काय कुणाकडूनही..."

"ऐका. तुमच्यासमोर मी यांचं नाव घेतलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, तरी घेतलं. विहिणीपुढं माझी मान खाली जाऊ नये म्हणून. सोमवारी मला कळलं की मीच. सोमवारी. आणि मी खोटं लिहून घरी गेले. मंगळवारी या माझ्या दारात आल्या, विचारलं, कुणाचं? मी सांगितलं, कळत नाही. यांची घरं बंद होताहेत हे मला माहीत होतं. लेकीनं पकडलं नसतं, तर आजही सांगितलं नसतं."

शालन जगदाळेंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. जंतूवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. नाकावर नव्हता, यंत्रावर नव्हता. पण गप्प बसण्यावर बसला. ते काय असतं हे कुणालाही समजतं. वृषालीबाईंना ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना दिसलं. आधी भुवया, मग डोळे, मग ओठांची कडा. तीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे खरंच?" शालनताई म्हणाल्या. आणि न बघता, मागं हात करून, त्यांनी सुनेला बाळासकट दोन पावलं आत सरकवलं.

कुणी बसा म्हणालं नाही. कौसाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. शालनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं.

"उद्या येशील का गं?" त्या पुटपुटल्या. "सून म्हणते पाणी नीट घातलं जात नाही माझ्याच्यानं."

"बगू," कौसाबाई म्हणाल्या. "सकाळच्याला जमंल का सांगता येत न्हाई. रिक्षा वेळंवर मिळत न्हाई."

दोघी रस्त्यावर आल्या. ऊन कलतं झालं होतं. मागं जगदाळ्यांच्या दाराआड कुजबुज सुरू झाली होती, आणि ती कुणाविषयी आहे हे वृषालीबाईंना चांगलं माहीत होतं. घरी जावं, दार लावून घ्यावं, असं त्यांना वाटलं. त्या वळल्याही.

"तिकडं कुटं?" कौसाबाई म्हणाल्या. "मोहित्यांचं घर हिकडं हाय. तितनं पुढं वाण्याची आळी, मंग पानगावकर."

"कौसाबाई, उद्या..."

"आज." कौसाबाई चालायलाही लागल्या होत्या. चार पावलांवर थांबून त्यांनी मागं पाहिलं. त्या नजरेत राग होता, थकवा होता, आणि थोडी घाई. "आन हे बगा. म्होरल्या घरी ते शेवटाचं आधी सांगा. सोमवारचं. टाइम वाचंल."